टीव्हीच्या खोक्यावर जे छापलेलं नसतं

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. घरात नवा टीव्ही घ्यायचं चाललं असेल तर चहा घेऊन बसा आणि पूर्ण वाचा. चाललं नसेल तर ज्यांच्याकडे चाललंय त्यांना पाठवा.

बिस्किटाचा साधा पुडा हातात घ्या. त्यावर काय काय छापलेलं असतं? आत कुठले पदार्थ आहेत, साखर किती, चरबी किती, कधी बनवलं, कधीपर्यंत खायचं, वर शाकाहाराचा हिरवा ठिपका. कंपनी प्रेमाने हे छापत नाही, कायदा सांगतो म्हणून छापते.

आता तीस हजारांच्या टीव्हीचं खोकं बघा. ४के, एचडीआर, डॉल्बी, क्यूएलईडी, अब्जावधी रंग, एआय पिक्चर. शब्दांची नुसती रांगोळी. एमआरपी, उत्पादनाचा महिना, इंच आणि सेंटिमीटर, विजेच्या ताऱ्यांचं लेबल, एवढं असतं, कारण तेवढं सरकारने मागितलंय. पण पडदा किती उजळतो? पॅनल कुठल्या जातीचं? आतलं सॉफ्टवेअर किती वर्षं अपडेट होणार? सुटे भाग किती वर्षं मिळणार? यातलं बहुतेक वेळा काहीच नसतं. आणि तुमचा टीव्ही आठ वर्षं चांगला चालणार की तिसऱ्या वर्षी डोकेदुखी होणार, हे ठरतं नेमकं याच गोष्टींवर.

हा विषय आत्ता का काढला? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर तो जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के होता. म्हणजे करापूर्वी २५,००० किंमत असलेला ४३ इंची टीव्ही आधी ३२,००० ला पडायचा, तो आता २९,५०० ला. अडीच हजार वाचले, चांगलंच झालं. पण त्यामुळे जो तो मोठ्या पडद्याच्या मागे लागलाय. मला गेल्या काही महिन्यांत यावर जेवढे फोन आले तेवढे निवडणुकीतही येत नाहीत. "दादा, ४के घेऊ का फुल एचडी?" "क्यूएलईडी म्हणजे ओएलईडीच ना?" "एवढ्याच इंचाचा दुसरा नऊ हजारांनी स्वस्त का?"

प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

१. ठिपक्यांचा खेळ: एचडी रेडी, फुल एचडी, ४के

पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. एचडी रेडीत साधारण साडेदहा लाख ठिपके (१३६६ बाय ७६८). फुल एचडीत २० लाख ७३ हजार (१९२० बाय १०८०). ४के मध्ये सुमारे ८३ लाख (३८४० बाय २१६०). आकडा ऐकून वाटतं, चौपट ठिपके म्हणजे चौपट चांगलं चित्र.

पण बघणारा डोळा तोच आहे ना! सर्वसाधारण चांगली नजर असलेल्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. या हिशोबाने ४३ इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके साडेपाच-पावणेसहा फुटांच्या पलीकडून वेगळे दिसायचे बंद होतात. ५५ इंचीचे सात फुटांच्या पलीकडून. ६५ इंचीचे साडेआठ फुटांच्या आसपास. आता आपल्या घराचा विचार करा. दहा बाय बाराची खोली, एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला दिवाण किंवा सोफा. अंतर आठ-नऊ फूट. तिथून ४३ इंचावरचा फुल एचडी आणि ४के यातला निव्वळ ठिपक्यांचा फरक डोळ्याला कळत नाही. ३२ इंची टीव्ही एवढ्या अंतरावरून बघणार असाल तर एचडी रेडीसुद्धा पुरतो. लहान खोलीत पलंगावरून चार-पाच फुटांवरून बघणार असाल तर मात्र ३२ मध्येही फुल एचडी शोधा.

दुसरी गोष्ट. टीव्हीवर येणारं चित्र कुठून येतं? साध्या, म्हणजे एसडी वाहिनीच्या चित्रात ७२० बाय ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्याही आत ठिपके असतात. बातम्यांच्या बहुतेक वाहिन्या आणि डीडी फ्री डिशवरचं बरंचसं याच दर्जाचं असतं. गणित करा: अशा वाहिनीचा एक ठिपका ४के पडद्यावर वीस ठिपक्यांवर पसरवावा लागतो. ते पसरवण्याचं काम टीव्हीतली चिप करते. चिप चांगली असेल तर चित्र बरं दिसतं, स्वस्तातली असेल तर निवेदकाचा चेहरा मेणाचा वाटतो. "जुन्या टीव्हीवर चित्र स्वच्छ होतं, नव्यावर फाटल्यासारखं दिसतं" ही तक्रार घरोघरी ऐकू येते, तिचं कारण बऱ्याचदा हेच. खरं ४के बघायचं तर ओटीटीचा वरचा प्लॅन लागतो आणि सेकंदाला १५ ते २५ मेगाबिटचं सलग इंटरनेट लागतं.

म्हणून ४के घेऊच नका असं नाही. ४३ इंचांपासून पुढे बाजारात आता बहुतेक ४केच मिळतात, तेव्हा ते येईलच. पण "हा ४के आहे" एवढ्यावर निवड करू नका आणि तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

२. एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी: नावात बरंच काही लपलेलं आहे

ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो तो असतो एलसीडीच. मागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या आणि पुढे एलसीडीचा पडदा. क्यूएलईडी म्हणजे तोच एलसीडी, मध्ये रंग सुधारणारा एक विशेष थर. रंग खुलतात हे खरं, पण जात बदलत नाही. मिनी एलईडीत मागचे दिवे खूप बारीक आणि जास्त, त्यांचे गट वेगवेगळे कमी-जास्त करता येतात, त्यामुळे काळा रंग जास्त काळा दिसतो. ओएलईडी मात्र वेगळीच जात. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण तेच चित्र पडद्याच्या एकाच जागी महिनोन्महिने राहिलं तर तिथे डाग उमटण्याचा धोका असतो. ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्यांची वाहिनी आणि खाली ती ब्रेकिंग न्यूजची लाल पट्टी चालू असते, त्या घराने ओएलईडी घेताना दोनदा विचार करावा.

एलसीडीतही दोन मुख्य पोटजाती आहेत, आयपीएस आणि व्हीए. आयपीएस बाजूने बघितला तरी रंग फारसे बदलत नाहीत, पण काळा रंग करडा दिसतो. व्हीएमध्ये काळा रंग तीन-चार पट खोल, पण बाजूला बसणाऱ्याला चित्र फिकं दिसतं. घरात दहा माणसं चटईवर पसरून क्रिकेट बघत असतील तर आयपीएस बरा. दोघंच समोर बसून रात्री सिनेमा बघत असतील तर व्हीए. इतकी साधी निवड आहे. पण खोक्यावर हे दोन शब्द क्वचितच सापडतात. एकाच मॉडेलच्या दोन टीव्हींत वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनल निघू शकतात, आणि ते सांगायचं बंधन कुणावरच नाही.

३. एचडीआर: पाटी आहे, दिवा नाही

सगळ्यात मोठी धूळफेक इथे होते. एचडीआर म्हणजे उजेडाचा भाग खरोखर उजळ आणि अंधाराचा खरोखर गडद दाखवणं. उजेड मोजतात निट्समध्ये. एचडीआरचे कार्यक्रम तयार करतानाच साधारण १,००० निट्सचा पडदा गृहीत धरलेला असतो. स्वस्त टीव्ही देतात अडीचशे ते तीनशे. मग खोक्यावर एचडीआर कसं छापतात? कारण "एचडीआर सपोर्ट" याचा अर्थ फक्त एवढाच, की तो सिग्नल टीव्हीला वाचता येतो. दाखवता येतो असं कुणी म्हटलेलंच नाही! पत्रिका वाचता येते म्हणून लग्नाचं जेवण मिळालं असं होत नाही.

कमी उजेडाच्या टीव्हीवर एचडीआर लावलं की उलट चित्र काळवंडतं. असं दिसलं तर सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करून बघा. ज्यांच्या हॉलमध्ये दिवसा भरपूर उजेड येतो त्यांनी तर बाकी सगळं सोडून निट्सचा आकडा विचारावा. दुकानात बहुतेकांना तो माहीत नसेल. तरी विचारा. विचारणारे वाढले की माहिती ठेवणारेही वाढतील.

४. हर्ट्झ, आवाज आणि मागची छिद्रं

पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो ते हर्ट्झमध्ये सांगतात. बहुतेक घरगुती टीव्ही ६० हर्ट्झचे. पण काही ठिकाणी "मोशन रेट १२०" किंवा असाच एखादा भारदस्त शब्द दिसेल. तो आकडा बहुधा सॉफ्टवेअरच्या करामतीचा असतो, पडद्याचा नसतो. "पॅनलचा मूळ रिफ्रेश रेट किती?" असाच प्रश्न विचारा. मालिका, बातम्या आणि क्रिकेटसाठी ६० पुरतो. आपलं प्रक्षेपणच सेकंदाला ५० च्या हिशोबाने येतं. घरात पोरं गेमिंग कन्सोलवर खेळत असतील तर खऱ्या १२० ला अर्थ आहे.

टीव्ही पातळ झाला तसा आवाजही पातळ झाला. स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात. तेव्हा २० वॅट, ३० वॅट याच्या मागे न लागता मागे एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं एचडीएमआय आहे का ते बघा, म्हणजे पुढेमागे साउंडबार जोडता येईल. एचडीएमआय किमान तीन असावीत. सेट-टॉप बॉक्सला एक, साउंडबारला एक, आणि एक शिल्लक. या शिल्लक छिद्राचं महत्त्व पुढच्या मुद्द्यात कळेल.

५. पडदा दहा वर्षांचा, डोकं चार वर्षांचं

स्मार्ट टीव्ही म्हणजे एक पडदा आणि त्याला चिकटवलेला एक संगणक. पडदा आठ-दहा वर्षं टिकू शकतो. संगणक तेवढा टिकत नाही. एक जीबी रॅम आणि आठ जीबी जागा असलेला टीव्ही पहिल्या दिवशी बरा पळतो. मग ॲप जड होत जातात, टीव्ही मंदावतो, आणि एके दिवशी पाटी येते: हे ॲप आता या उपकरणावर चालणार नाही. पडदा ठणठणीत, पण टीव्ही "जुना" झाला. हप्ते संपून वर्षही झालेलं नसतं.

स्वस्तातलाच टीव्ही असला तरी रॅम दोन जीबी तरी घ्या. आणि असा अनुभव आलाच तर टीव्ही फेकू नका. दोन-चार हजारांची एक स्टिक मिळते, ती त्या शिल्लक एचडीएमआयमध्ये लावा, टीव्हीला नवं डोकं मिळतं. पण प्रश्न असा की हे ग्राहकाने का करायचं? काही मोठ्या कंपन्यांनी निवडक मॉडेलांना पाच ते सात वर्षं अपग्रेड देऊ असं जाहीर केलंय. म्हणजे जमतं. मग बाकीच्यांनी निदान किती वर्षं देणार हे छापायला काय हरकत आहे?

६. आपण टीव्ही बघतो, टीव्ही आपल्याला बघतो

अनेक स्मार्ट टीव्हींत पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवणारी सोय असते. केबल असो की पेन ड्राइव्ह, तुम्ही काय बघता त्याची नोंद होते आणि जाहिरातवाल्यांना विकली जाऊ शकते. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीने याच कारणावरून २२ लाख डॉलर भरून सरकारी यंत्रणांशी तडजोड केली. १ कोटी १० लाख टीव्हींतून, ग्राहकांच्या संमतीशिवाय, सेकंदासेकंदाची माहिती गोळा केल्याचा आरोप होता.

आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. पण टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना इन्स्टॉलेशनवाला पोरगा भराभर "मान्य, मान्य, मान्य" दाबून मोकळा होतो, तिथे कायदा काय करणार? ते बटण स्वतः दाबा. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन "व्ह्यूइंग डेटा" किंवा "इंटरेस्ट बेस्ड ॲड्स" अशा नावाचं जे असेल ते बंद करा. टीव्हीचं काही अडत नाही.

७. तारे मोजू नका, युनिट वाचा

विजेच्या लेबलवरचे तारे साधारण सारख्या आकाराच्या टीव्हींत तुलना करायला असतात. मोठा चार तारेवाला टीव्ही लहान तीन तारेवाल्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते वाचा. ढोबळ हिशोब: १०० वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर वर्षाला १८० च्या वर युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर अठराशे रुपये. आठ वर्षांत साडेचौदा हजार! दुकानात दोन हजारांच्या सवलतीसाठी तासभर घासाघीस करणारे आपण, हा आकडा बघतच नाही. आणि एक सूचना: टीव्ही रिमोटने बंद केल्यावर फारशी वीज खात नाही, पण बरेचसे सेट-टॉप बॉक्स खात राहतात. रात्री त्याचं बटण भिंतीवरून बंद करा.

८. बिघडला की खरी किंमत कळते

आवाज येतो पण चित्र काळं, म्हणजे बहुधा मागच्या दिव्यांची पट्टी गेली. ती बदलता येते, खर्च आवाक्यातला असतो. पडद्यावर उभ्या रेघा आल्या, तर बहुधा पॅनलचं दुखणं. पॅनल नवं टाकायचं तर बऱ्याचदा नव्या टीव्हीच्या निम्म्याहून जास्त पैसे मागतात, आणि मॉडेल जुनं असेल तर मिळतच नाही. आमच्या भागात टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्या दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेल्या टीव्हींची रांग बघा. बरेचसे पाच वर्षांच्या आतले आहेत.

याची मुळं थोडी खोल आहेत. जुलै २०२० मध्ये सरकारने तयार रंगीत टीव्हीच्या आयातीवर निर्बंध घातले. जुळणी इथे वाढली, लोकांना कामं मिळाली, हे चांगलंच. पण एलसीडी पॅनलचा मूळ भाग अजून बाहेरूनच येतो. बाजारात नावं अनेक, जुळणीचे कारखाने मोजके. कोडॅक आणि थॉमसनसारखी जुनी परदेशी नावं आपल्याकडे परवान्यावर वापरली जातात, टीव्ही बनवते भारतीय कंपनी. यात बेकायदा काही नाही, टीव्ही वाईट असतो असंही नाही. पण नाव बघून भरवसा ठेवणाऱ्याला हे कळायला नको का? नावापेक्षा विचारा: सर्व्हिस सेंटर आपल्या तालुक्यात आहे की जिल्ह्याच्या गावाला? माणूस घरी येतो की टीव्ही टेम्पोत घालून न्यायचा?

मग बाकीच्या जगात काय चालतं?

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंना, स्मार्ट टीव्हीसकट, सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळणार हे ग्राहकाला सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२१ पासूनच्या नियमांत पॉवर सप्लाय, कनेक्टरसारखे सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना किमान सात वर्षं मिळायला हवेत, आणि शेवटचं उपलब्ध सॉफ्टवेअर व सुरक्षा अपडेट किमान आठ वर्षं. तिथल्या विजेच्या लेबलवर एचडीआर लावल्यावर किती वीज जाते तेही वेगळं छापतात. फ्रान्सने २०२१ मध्ये टीव्हीला दुरुस्त करण्याच्या सोयीनुसार दहापैकी गुण द्यायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ पासून त्याऐवजी टिकाऊपणाचे गुण आणले.

गंमत म्हणजे तिथे आणि इथे विकणाऱ्या मोठ्या कंपन्या बऱ्याचशा त्याच आहेत. तिथे माहिती छापतात, इथे छापत नाहीत. कारण तिथे मागितली, आपण मागितली नाही.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. टीव्हीला बीआयएसची नोंदणी लागते, पण तिचा भर सुरक्षिततेवर. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, पण त्यावर माहिती टाकणं कंपनीच्या मर्जीवर. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(९) मध्ये वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि मानक याची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहेच. हक्क कागदावर आहे, त्याला खोक्यावर आणायचंय एवढंच.

कुणी म्हणेल, "अहो, सामान्य गिऱ्हाईकाला निट्स आणि व्हीए काय कळणार?" हेच एकेकाळी फ्रिजच्या ताऱ्यांबद्दल म्हणायचे. आज गावातली आजीसुद्धा विचारते, किती स्टारचा आहे? माहिती समोर आली की लोक शिकतात. कुणी म्हणेल किंमत वाढेल. पाच ओळी छापायला शाई किती लागते? आणि हा दोष मी गावातल्या दुकानदाराचा मानत नाही. त्यालाही कंपनीकडून तेवढंच कळतं जेवढं तुम्हाला.

ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा टीव्ही फसला तर तो पुढच्या सेलमध्ये दुसरा आणतो. जो बारा हप्त्यांवर घेतो, जी बाई भिशीचे पैसे घालून घेते, त्यांच्यासाठी तो आठ-दहा वर्षांचा निर्णय असतो. माहिती लपली की सगळ्यात जास्त मार यांनाच बसतो. म्हणून हा नुसता वस्तूंच्या आवडीनिवडीचा विषय नाही, सार्वजनिक विषय आहे.

माझी मागणी पाच ओळींची आहे. प्रत्येक टीव्हीच्या खोक्यावर, मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात:

– पॅनलचा प्रकार आणि मूळ रिफ्रेश रेट
– प्रत्यक्ष उजेड, निट्समध्ये
– रॅम आणि वापरायला मिळणारी जागा
– सुरक्षा अपडेट कुठल्या वर्षापर्यंत
– सुटे भाग कुठल्या वर्षापर्यंत

आपल्या खासदारांना हा विषय संसदेत मांडायला सांगा. ग्राहक व्यवहार मंत्रालय त्यांच्याच दारात आहे. रस्ते-गटारांच्या प्रश्नांइतकाच हा घराघरातला प्रश्न आहे.

आणि तोपर्यंत दुकानात गेलात तर:

टीव्ही "व्हिव्हिड" किंवा "डेमो" मोडवर असेल तर "स्टँडर्ड" किंवा "होम" वर आणायला सांगा. दुकानाचा डेमो व्हिडिओ बंद करून केबलची साधी वाहिनी लावायला सांगा, घरी तेच बघायचंय. घरून पेन ड्राइव्हवर एखादा अंधाऱ्या दृश्यांचा व्हिडिओ न्या. समोरून बघा, मग चार पावलं बाजूला जाऊन बघा. रिमोट स्वतः हातात घ्या, दोन-तीन ॲप उघडा, किती वेळ लागतो बघा. घरातलं बसण्याचं अंतर आधी टेपने मोजून न्या. इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप, रुंदी नाही, हे कपाटाचा खण मोजताना लक्षात ठेवा. वॉरंटीत पॅनल किती वर्षं आहे ते बिलावर लिहून घ्या. तोंडी "काही होत नाही हो साहेब" याला किंमत नाही.

बिल जपून ठेवा. छापलेलं एक आणि निघालं दुसरं, असं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. तिथे नाही भागलं तर आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा. कंपनी कुठल्याही राज्यातली असो, तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

तुमच्या घरातला टीव्ही किती वर्षं चालला आणि आधी काय गेलं, पडदा की सॉफ्टवेअर, ते खाली लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त वर्ष आणि बिघाड. पुरेशी माहिती जमली तर मागणीच्या पत्राला तीच जोडू. नुसत्या माझ्या मतापेक्षा तुमच्या शंभर नोंदींना जास्त वजन असेल.